करवत किती खाते?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की प्राथमिक शाळेत एक खटपटीचा कोपरा हवा. शहरातल्या शाळा त्याला मेकरस्पेस म्हणतात. आमच्या शाळेतली मुलं ‘ठोकाठोकी’ म्हणायची. त्यावर इतकी पत्रं आली की पोस्टमननं विचारलं, “बाई, घरात लग्न निघालंय का?” सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. सहा निवडली आहेत. नावं मुद्दाम काढली, कारण दोघांनी साहेब लोकांविषयी जे लिहिलंय ते नावानिशी छापलं तर बदलीच व्हायची.

बाई, आमची शाळा दोनशिक्षकी. पहिली ते चौथी, पट ३१. गावातला एक मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर आहे. तो आणि त्याचे मित्र शाळेला थ्री-डी प्रिंटर देतो म्हणतात. सरपंच खूश आहेत. मला मात्र धाकधूक वाटते. घ्यावा का?
*एक शिक्षिका, तालुका पारनेर*

देणाऱ्याला नाही म्हणू नका, वस्तू बदलून मागा.

हिशेब साधा आहे. अंगठ्याएवढी प्लास्टिकची शिट्टी थरावर थर देत छापायला त्या यंत्राला अर्धा तास तरी लागतो. तुमची ३१ मुलं म्हणजे साडेपंधरा तास, आणि तेही मधे वीज गेली नाही तर. गेली की बहुतेक वेळा अर्धी शिट्टी टाकून द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ मुलांनी करायचं काय? बघायचं. बघण्यासाठी टीव्ही आहे की घरोघरी.

यंत्राशी माझं वैर नाही. आपल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ सालीच फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आली, जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी एक. पण ती आली तेव्हा त्या आश्रमाला जवळजवळ वीस वर्षं झाली होती. डॉ. कलबागांनी मुंबईतलं कंपनीतलं संशोधन सोडून १९८३ मध्ये तिथे काम सुरू केलं, आणि मुलं आधी वेल्डिंग, बांधकाम, शेती असली गावाच्या गरजेची कामं करायची. यंत्र मागून आलं. आपल्याकडे ते पहिल्या दिवशी हार घालून आणतात आणि दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागतं.

सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबची वाट पाहत असाल तर तीही पाहू नका. २० लाखांपर्यंतचं अनुदान आहे खरं, पण ते सहावी ते बारावीसाठी. चौथीपर्यंतच्या मुलांना त्या दारातून आत घेत नाहीत.

आता काय मागायचं ते लिहिते. हलक्या हातोड्या सहा. मोठ्या माणसाची हातोडी मुलाला देऊ नका, ती मनगट ओढते. लहान लोखंडकापी करवती चार, बारीक दातांच्या. सी-क्लॅम्प आठ, हे सगळ्यात महत्त्वाचे, कारण लाकूड घट्ट धरलेलं असलं की मुलाचे दोन्ही हात करवतीवर राहतात. एक हातगिरमिट, दोन पकडी, स्क्रू ड्रायव्हर, गुण्या, कानस, पॉलिश पेपर, आणि डोळ्यांना पारदर्शक चष्मे प्रत्येकी एक. रंधा आणि पटाशी चौथीपर्यंत नको. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन अर्धा किलो चुका मागा. दुकानदार हसणार नाही, लहान खिळ्यांना तोच शब्द आहे. मी मात्र दरवेळी मनात हसायची. शिक्षिकेनं अर्धा किलो चुका विकत आणायच्या!

लाकूड विकत घेऊ नका. सागवान तर नकोच, मुलांचा जीव जातो. यंत्रसामग्री येते त्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या पाइनच्या असतात, मऊ. घेताना शिक्का बघा. एचटी लिहिलेलं असेल तर ते लाकूड उष्णतेनं निर्जंतुक केलेलं, ते चालेल. एमबी असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ती फळी चुलीतही घालू नका. आधीचे खिळे तुम्ही स्वतः उपटा. भिंतीवर एक प्लायवूड ठोका, प्रत्येक हत्यार त्यावर टांगा आणि त्याच्या कडेनं रंगानं रेघ ओढा. हातोडी उचलली की मागे हातोडीची सावली उरते. सगळ्या सावल्या झाकल्याशिवाय मधली सुट्टी नाही. हा एक नियम मी कधी मोडू दिला नाही, नि मोजणीला वेगळा मॉनिटरही लागला नाही.

आणि हे सगळं येईपर्यंत? सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब मिळते, ती घ्या, आणि काड्यापेटीच्या काड्या. गुल खरवडून टाका, तेही तुम्हीच. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी ही युक्ती १९७८ च्या सुमाराला मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद भागात काढली आणि मग ती देशभर गेली. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्यात काड्या. तीन काड्यांचा त्रिकोण करा, चारांचा चौकोन. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. मग मुलांना घेऊन कोणाच्या तरी गोठ्याच्या पत्र्याखाली उभ्या राहा आणि वर बघायला सांगा. पुढचं तीच बोलतील.

माझ्या वडिलांनी जन्मभर रंधा मारला. मी आयटीआय केलं, कंपनीत लागलो. मुलगा तिसरीत आहे. परवा त्याच्या शाळेत गेलो तर त्याच्या हातात करवत. गुरुजी कौतुकानं म्हणाले, याला छान जमतं, रक्तातच आहे. मला राग आला. सुतारकीच करायची तर शाळा कशाला?
*एक पालक, सिन्नर*

राग बरोबर आहे. आधी तेवढं सांगते.

‘रक्तातच आहे’ हे त्या गुरुजींनी बोलायला नको होतं. ज्याच्या आजोबांना कामाबद्दल सुगीला बलुतं मिळालं आणि ओसरीवर बसायला घोंगडीसुद्धा मिळाली नाही, त्याच्या घरात करवत म्हणजे खेळणं नसतं. डॉक्टरांच्या मुलानं खुर्ची ठोकली तर तो छंद, तुमच्या मुलानं ठोकली तर ते रक्त. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना मांडली. कष्टकऱ्यांच्या पोरांना पुन्हा कष्टालाच जुंपायचं का, ही शंका तेव्हाही घेतली गेली, आणि ती मला कधी खोटी वाटली नाही.

म्हणून शाळेत जा आणि दोन गोष्टी विचारा. करवत सगळ्यांच्या हातात येते का, वाण्याच्या, तलाठ्याच्या मुलांच्याही? आणि कापून झाल्यावर वहीत काय लिहितात? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर भांडा, माझं नाव सांगून भांडा.

दुसऱ्याचं मी सांगते. आमच्या वर्गात ३० सेंटिमीटरची लाकडाची पट्टी द्यायची आणि सांगायचं, तीन सारखे तुकडे करा. तीस भागिले तीन दहा, सगळ्यांना येतं. दहावर खूण, विसावर खूण, कापलं. तुकडे शेजारी उभे केले तर सारखे नाहीत! आणि तीन जोडून मोजले तर तीस भरत नाहीत. कुठे गेलं? पहिल्या वर्षी मुलांनी एकमेकांवर आळ घेतला, तू चुकीचं मोजलंस. एक मुलगी टेबलाखाली वाकली आणि भुसा गोळा करून वर आली. “बाई, करवतीनं खाल्लं.” मग करवत किती खाते हे मोजायचं वेड लागलं. दहा काप घेतले, किती कमी झालं ते पाहिलं, दहानं भागलं. मिलिमीटरच्या आसपास निघालं. दशांश अपूर्णांक मी फळ्यावर नंतर शिकवला, पण वर्गात तो भुशातून आला.

तुमच्या वडिलांना हे कोणी शिकवलं नसेल, आणि त्यांच्या हातून एकही माप कधी कमी पडलं नसेल. खूण रेघेच्या कुठल्या अंगाला कापायची, ते सांगायला त्यांनाच शाळेत बोलवायला सांगा. पाहुणे म्हणून. खुर्चीवर बसवून, चहा देऊन.

माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेत आठवड्याला मेकरस्पेसचा तास असतो, त्याची फी वेगळी. मागच्या महिन्यात चाळीसच्या चाळीस मुलांनी तोच दिवा लागणारा हिरवा बेडूक आणला. हे बरोबर आहे का?
*एक आई, डोंबिवली*

चाळीस सारखे बेडूक म्हणजे कारखाना झाला. पाकीट आलं, पाकिटात चित्र होतं, चित्राप्रमाणे चिकटवलं. वाईट नाही, पण त्याला वेगळी फी कशाला? मुलीला एकच विचारा: “दिवा पहिल्यांदा लागला नाही तेव्हा तू काय केलंस?” लागलाच होता म्हणाली, किंवा ताईंनी लावून दिला म्हणाली, तर तुमचं तुम्ही समजा.

घरी करायचं असेल तर सोपं आहे. पेन्सिल सेल दोन, सेलची डबी, एक पांढरा एलईडी. लांब पाय अधिकाकडे. नाही लागला तर उलटा करून बघायचा, एवढा प्रयोग दुसरीला पुष्कळ. लाल एलईडी घेतलात तर त्याला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, म्हणून मधे १०० ओहमचा रोधक, म्हणजे रेझिस्टर, घाला.

बेडकात कुठला सेल आहे ते मात्र आजच उघडून पाहा. नाण्यासारखा चपटा असेल आणि घरात धाकटं भावंड असेल तर काढून उंचावर ठेवा. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी केळं-बिळं भरवत बसायचं नाही, सरळ रुग्णालय. फीपेक्षा शाळेशी भांडायचा मुद्दा हा आहे.

आमच्याकडे मुलगे ठोकतात आणि मुली रंग देतात. आपोआपच होतं तसं. काय करावं?
*एक शिक्षक, परभणी*

आपोआप काही होत नाही, गुरुजी. रंगाचे डबे दोन महिने कपाटात ठेवा.

मुख्याध्यापक म्हणून विचारतो. मुलाच्या बोटाला लागलं तर जबाबदार कोण? पालक उद्या दारात येतील.
*जिल्हा लातूर*

जबाबदार तुम्ही. मीही होते.

२०१४ चा पावसाळा. आमच्या कोपऱ्यात कोणीतरी भेट दिलेली गरम गोंदाची बंदूक होती. हातोडी-करवतीची मला इतकी धास्ती की त्यांच्याजवळ मी डोळ्यांत तेल घालून उभी. ही बंदूक म्हणजे काय, प्लास्टिकचं खेळणं. ती तिसरीच्या पोरांकडे सोडून मी पत्र्याची गळती बघायला बाहेर गेले. गोंदाचा थेंब एकीच्या मनगटावर पडला. तो नुसता भाजत नाही, चिकटून बसतो, आणि ओढून काढायला जावं तर कातडी सोबत येते. एका सहकाऱ्यानं टूथपेस्ट आणली, स्वयंपाकाच्या मावशींनी हळद. नशीब, मला नळ आठवला. वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली हात, घड्याळ लावून. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. गोंद आपोआप सुटेल तेवढाच काढला, बाकीचा दवाखान्यात.

संध्याकाळी मी स्वतः तिच्या घरी गेले. आई चुलीपुढे होती. तिनं हात पाहिला, स्वतःचा पुढे केला, मनगटापासून कोपरापर्यंत भाकरीचे जुने डाग. म्हणाली, “बाई, भाजतंच की. तुम्ही तिथं नव्हता, ते सांगा.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर पालकांची बैठक कोपरा सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर नाही. त्यांच्याच हातात हातोडी द्या, खिळा ठोकायला लावा; निम्मे जण बोट ठेचून घेतील आणि मग तुमचं ऐकतील. खिळा बोटानं धरायचाच नाही, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरायचा, हे त्यांनाही शिकवा. एका मोठ्या माणसामागे ठोकणारी मुलं सहापेक्षा जास्त नकोत. बाकीची तेव्हा चित्र काढतील, मोजतील, बंद पडलेल्या वस्तूंची सोडवासोडवी करतील. मायक्रोवेव्ह, जुना डब्याचा टीव्ही आणि मोबाइलची बॅटरी ही तीन कोणी दान दिली तरी शाळेच्या फाटकातून आत घेऊ नका. पहिल्या दोघांत प्लग काढल्यावरही वीज दबा धरून बसलेली असते, आणि ती बॅटरी टोचली तर पेटते.

चौथीच्या मुलांनी बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं. तास संपला, पण परत जुळेना. नेमके त्याच वेळी आसपासच्या शाळा तपासणारे केंद्रप्रमुख आले. सतरंजीवरचा पसारा बघून म्हणाले, “यातून अध्ययन निष्पत्ती कोणती? म्हणजे मुलं शिकली काय?” मला काही सुचलं नाही. आता घड्याळ डब्यात पडून आहे. टाकून देऊ का?
*एक शिक्षिका, तालुका संगमेश्वर*

टाकू नका हो!

मला तरी कुठे सुचलं होतं? आमचंही घड्याळ असंच सतरंजीवर होतं, तेव्हा एका मुलानं विचारलं, “बाई, याला सेकंद झाला हे कळतं कसं?” तेहतीस वर्षं घंटा वाजवून शाळा चालवली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शनिवारी राजगुरुनगरच्या बाजारात एक घड्याळजी बसायचे त्यांच्याकडे गेले. त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढता तांदळाच्या दाण्याएवढी चंदेरी नळी चिमट्यानं उचलून दाखवली. आत गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, स्फटिक. सेलची वीज मिळाली की तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा थरथरतो. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. “इतकाच का? ३३ हजार का नाही?” तर म्हणाले, “निम्मे करत जा, बाई.”

सोमवारी फळ्यावर आकडा लिहिला. चौथीचा वर्ग, पाच अंकी संख्या, निम्मे करा. १६,३८४. मग ८,१९२. मग ४,०९६. मागच्या बाकावरची पोरं, ज्यांना भागाकार म्हटलं की पोटात दुखायचं, ती पुढे सरकली. १,०२४ ला कोणीतरी ओरडलं, “हा मोबाइलमधला आकडा!” ६४, ३२, १६, ८, ४, २. आणि एक. बरोबर पंधरा वेळा. कुठेही बाकी उरत नाही. ती काळी टिकली असते ना नळीशेजारी, तिच्या पोटातली चिप हेच करते: पंधरा वेळा निम्मे, आणि हाती उरतो सेकंदाला एक ठोका. तो ठोका केसाहून बारीक तारेच्या गुंडाळीत जातो, तिचं चुंबक होतं, आणि पुढचं इवलंसं चुंबकाचं चाक अर्धी गिरकी घेतं. तेच टिक. बाकी सगळी दातांची चाकं. सेकंदकाटा साठ फेरे घालतो तेव्हा मिनिटकाटा एक, मिनिटकाटा बारा घालतो तेव्हा तासकाटा एक. दात मोजायला लावा.

केंद्रप्रमुखांच्या तक्त्यात भागाकार, मापन आणि क्रम असं लिहून द्या. खोटं नाही त्यात काही.

परत जुळत नाही, कारण चाकं एकावर एक चढलेली असतात आणि कोण खाली, कोण वर हे कोणी टिपलेलं नसतं. पुढच्या वेळी वर्तमानपत्रावर एक ते वीस चौकोन आखा. पहिला निघालेला भाग पहिल्या चौकोनात, दुसरा दुसऱ्यात, आणि शेजारी मुलांनीच चित्र काढायचं. जुळवताना विसाकडून एकाकडे यायचं. आताच्या डब्यातल्या घड्याळासाठी तसलंच दुसरं बंद घड्याळ गावात मिळवा, हळूहळू उघडत जा आणि दोन्ही समोरासमोर ठेवा.

आमचं तिसऱ्या आठवड्यात जुळलं. सेल घातला, टिकटिक झाली, वर्गानं टाळ्या पिटल्या. थोड्या वेळानं एकीच्या लक्षात आलं की काटे उलटे चाललेत. गुंडाळीतून चुंबकाच्या चाकापर्यंत येणारी लोखंडी पट्टी पोरांनी पालथी बसवली होती. तसं केलं की घड्याळ खरोखरच उलटं फिरतं. सरळ करायला ती तयार होईनात. ते तसंच दारावर टांगलं. पुढच्या भेटीला आमच्या साहेबांनी त्याच्याकडे बघून स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, मग पुन्हा वर बघितलं. निष्पत्तीचं त्या दिवशी काही विचारलं नाही.

पट्टीचं हे तुमच्या मुलांना सांगू नका. डबा उघडा आणि दारावर एक रिकामा खिळा ठोकून ठेवा.